फोनवर डॉक्टर आला, पण तृतीयपंथीयांच्या दारापर्यंत पोचला का?



21 जून 2021 पासून 18 वर्षांवरच्या सगळ्यांना सरकारी केंद्रावर फुकट लस मिळू लागली. आधी कोविनवर नंबर लावायचा आणि मगच केंद्रावर जायचं, ही अटही सैल झाली. ओळखपत्र घेऊन गेलं की तिथंच नोंद व्हायची. त्यामुळं लस आल्याचं कळलं की आरोग्य केंद्रासमोर सकाळपासून माणसं जमायची आणि बघता बघता दोन रांगा व्हायच्या. एक पुरुषांची, एक बायकांची.

तृतीयपंथी माणसानं कुठल्या रांगेत उभं राहायचं, हे मात्र कुठल्याच फलकावर लिहिलेलं नसायचं. बायकांच्या रांगेत गेलं तर कुजबुज सुरू व्हायची. पुरुषांच्या रांगेत गेलं तर टिंगल व्हायची, धक्का लागायचा. मग बरेच जण एकच मार्ग धरायचे, तो म्हणजे जायचंच नाही.

लसीच्या रांगेत जे दिसलं, ते त्याआधीच्या सव्वा वर्षात दवाखान्याच्या प्रत्येक पायरीवर झालं होतं. याच काळात सरकारनं ‘फोनवर डॉक्टर’ ही सोय मोठ्या प्रमाणावर उभी केली. रांग नको, प्रवास नको, कुणी बघणारं नको. ही सोय सगळ्यात जास्त उपयोगी पडायला हवी होती ती तृतीयपंथीयांना. तसं किती झालं आणि जिथं झालं नाही तिथं नेमकं कशामुळं अडलं, हे समजून घ्यायला हवं. 

ही माणसं आहेत किती?

2011 च्या जनगणनेत पहिल्यांदा स्त्री आणि पुरुष यांच्याशिवाय ‘इतर’ असा रकाना आला. त्यात देशभरातून 4 लाख 87 हजार 803 जणांची नोंद झाली. महाराष्ट्रात हा आकडा 40 हजार 891 होता. घरच्यांना कळेल, गावात बोभाटा होईल या भीतीनं अनेकांनी खरं सांगितलं नसणार. त्यामुळं खरा आकडा यापेक्षा मोठा आहे असंच सगळे धरून चालतात.

तृतीयपंथी म्हटलं की आपल्याकडं टाळी वाजवून पैसे मागणारे हिजडे किंवा देवीच्या नावानं जोगवा मागणारे जोगते, एवढंच डोळ्यांसमोर येतं. पण जन्मानं मुलगी म्हणून वाढवलेला, आतून मात्र स्वतःला पुरुष मानणारा तरुणही यात येतो. तो बहुतेक वेळा घरातच असतो, कुणाला काही न सांगता. त्याची अडचण दिसत नाही, म्हणून ती मोजलीही जात नाही.

24 मार्चच्या रात्रीनंतर

24 मार्च 2020 च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली. रेल्वे बंद, बाजार बंद, लग्नं बंद, जत्रा बंद. शेतकऱ्याचा माल अडला, मजूर पायी निघाले, हे सगळ्यांनी पाहिलं. तृतीयपंथीयांचं काय झालं याकडं फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. बाजारातली मंगती, लग्नाची आणि बारशाची बधाई, रेल्वेतले पैसे, जत्रेतला जोगवा, हीच त्यातल्या अनेकांची कमाई. ती एका रात्रीत शून्यावर आली. खोलीचं भाडं थकलं आणि फोनचा रिचार्जही थांबला. ही रिचार्जची गोष्ट लक्षात ठेवावी, पुढं ती कामाला येणार आहे.

त्याच आठवड्यात हैदराबादमध्ये काही ठिकाणी भिंतींवर आणि मेट्रोच्या खांबांवर पत्रकं लागली. हिजड्यांना दुकानाजवळ येऊ देऊ नका, त्यांच्याशी बोलल्यानं कोरोना होतो, असा त्यातला मजकूर होता. त्याला कसलाही आधार नव्हता. पण ज्यांच्याकडं लोक आधीच नाक मुरडून बघतात, त्यांच्याविषयी अशी अफवा पसरायला वेळ लागत नाही.

दवाखान्यांचंही चित्र बदललं. मोठी सरकारी रुग्णालयं कोविडसाठी राखीव झाली. रोजची बाह्यरुग्ण तपासणी आटली आणि तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढं ढकलल्या गेल्या. लिंगबदलाच्या शस्त्रक्रिया याच ‘तातडीच्या नाहीत’ या यादीत बसल्या. ज्यांचे उपचार अर्ध्यावर होते, ते अर्ध्यावरच थांबले. शरीराला आवश्यक असणारी हार्मोन्सची गोळी किंवा इंजेक्शन घेणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी होती. हे उपचार करणारे डॉक्टर मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांत जास्त. तालुक्याच्या ठिकाणी असे डॉक्टर शोधून सापडत नाहीत. एसटी बंद म्हणजे डॉक्टर बंद.

25 मार्चचा नियम

टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी, 25 मार्च 2020 ला, केंद्रानं टेलिमेडिसिनची नियमावली जाहीर केली. त्याआधी फोनवर औषध लिहून देणं कायद्यात बसतं की नाही, याबद्दल डॉक्टरांच्याच मनात शंका होती. या नियमावलीनं ते स्पष्ट झालं. नोंदणीकृत डॉक्टर व्हिडिओवर, साध्या फोनवर किंवा मेसेजवरही सल्ला देऊ शकतो. कोणतं औषध कधी लिहायचं याच्या याद्या ठरल्या.

पाठोपाठ 13 एप्रिल 2020 ला ‘ई-संजीवनी ओपीडी’ सुरू झाली. मोबाइल नंबर टाकायचा, ओटीपी येतो, नाव-गाव भरायचं, टोकन मिळतं, नंबर आला की डॉक्टर स्क्रीनवर. शेवटी औषधाची चिठ्ठी फोनवरच. एक रुपया फी नाही. ई-संजीवनीचा दुसरा भाग त्याआधी, नोव्हेंबर 2019 मध्येच सुरू झाला होता. त्यात पेशंट उपकेंद्रात जातो, तिथले समुदाय आरोग्य अधिकारी कॉल लावून देतात आणि मोठ्या दवाखान्यातला डॉक्टर पलीकडून बोलतो. जून 2021 पर्यंत दोन्ही मिळून देशात 60 लाखांवर सल्ले झाले होते. सोय मोठी आहे आणि खरी आहे, यात वाद नाही.

अडचण अशी की ही सोय ज्या पेशंटला डोळ्यांसमोर ठेवून बांधली, त्याच्याकडं स्वतःचा फोन आहे, ओळखपत्रावरचं नाव आणि चेहरा जुळतो आणि घरात बोलायला कोपरा आहे. तृतीयपंथीयांच्या बाबतीत यातली एखादी तरी गोष्ट नसते. बऱ्याचदा तिन्ही नसतात.

कुठं कुठं अडतं

पहिली गोष्ट नाव. टेलिमेडिसिनच्या नियमात डॉक्टरनं पेशंटची ओळख पटवून घ्यायची असते. समजा, आधारवर नाव ‘संतोष’ आणि लिंग ‘पुरुष’ आहे, आणि स्क्रीनवर साडी नेसलेली, कुंकू लावलेली व्यक्ती बसली आहे. डॉक्टर गोंधळतो, पुन्हा पुन्हा विचारतो, ‘पेशंटला द्या फोन’ म्हणतो. दहा मिनिटांच्या कॉलमधली पाच मिनिटं ‘मीच पेशंट आहे’ हे सांगण्यात जातात. ज्याला आयुष्यभर हेच सांगावं लागलंय, तो दुसऱ्यांदा कॉल लावत नाही.

दुसरी गोष्ट आडोसा. जी तृतीयपंथी व्यक्ती गुरूच्या घरी चार-पाच जणींबरोबर एका खोलीत राहते, ती लघवीच्या जागी होणारी आग किंवा शस्त्रक्रियेनंतर चिघळलेली जखम सगळ्यांसमोर कशी सांगणार? जो तरुण आईवडिलांच्या घरात लपून जगतोय, तो तर तोंडच उघडू शकत नाही. टाळेबंदीत घरातलं कुणीच बाहेर जात नव्हतं. दवाखान्यात निदान पडदा असतो, घरात तोही नाही.

तिसरी गोष्ट औषध. नियमावलीत ‘फॉलोअप’ म्हणजे त्याच डॉक्टरकडं, त्याच आजारासाठी, प्रत्यक्ष भेटीनंतर सहा महिन्यांच्या आत घेतलेला सल्ला. सहा महिने उलटले की पुन्हा पहिल्या भेटीचे नियम लागू होतात, आणि पहिल्या भेटीत फोनवर लिहिता येणारी औषधं मोजकी असतात. टाळेबंदी लांबत गेली तसे अनेकांचे सहा महिने असेच निघून गेले. शिवाय सवय लागण्याचा धोका असलेली मनोविकाराची, झोपेची काही औषधं फोनवर लिहायला बंदी आहे. ही बंदी योग्य कारणासाठी आहे. पण त्यामुळं ज्याला रात्र रात्र झोप नाही, जीव नकोसा झालाय, त्याला शेवटी प्रत्यक्ष डॉक्टर गाठावाच लागतो.

चौथी गोष्ट तपासणी. हार्मोन घेणाऱ्यानं अधूनमधून रक्त तपासावं लागतं, यकृत बघावं लागतं, रक्तदाब मोजावा लागतो. फोनमधून हे होत नाही. मग काय होतं? कुणीतरी सांगितलं म्हणून मेडिकलमधून गर्भनिरोधक गोळ्या आणून त्या हार्मोन म्हणून घ्यायच्या. ही सवय जुनीच आहे, महामारीत ती सोडवणारा डॉक्टरही दूर गेला. अशा गोळ्या मनानं, जास्त प्रमाणात घेतल्या तर रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना हा धोका आणखी जास्त. पाय सुजणं, पोटरी दुखणं, अचानक दम लागणं असं काही झालं तर फोनची वाट न बघता तडक दवाखाना गाठायला हवा.

पाचवी गोष्ट साधी आहे. रिचार्ज संपलेला आहे आणि गावात रेंज नाही.

जिथं जमलं, ते का जमलं?

या सगळ्यात एक काम बऱ्यापैकी चाललं, त्याकडं नीट बघायला हवं. तृतीयपंथीयांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण सर्वसाधारण लोकांपेक्षा बरंच जास्त आहे. 2017 च्या राष्ट्रीय पाहणीत ते सुमारे 3.1 टक्के आढळलं. सर्वसाधारण प्रौढांमध्ये ते पाव टक्क्याहून कमी आहे. एआरटीच्या गोळ्या एक दिवसही चुकवून चालत नाहीत. टाळेबंदीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेनं काही महिन्यांच्या गोळ्या एकदम द्यायला सांगितलं. आपल्या केंद्रापर्यंत जाता येत नसेल तर जवळच्या केंद्रातून घ्यायची मुभा दिली. काही ठिकाणी संस्थांच्या कार्यकर्त्यांनी गोळ्या घरपोच नेल्या.

यात व्हिडिओ नव्हता, ॲप नव्हतं. कोण पेशंट आहे हे आधीपासून माहीत होतं, आणि त्या पेशंटला ओळखणारा, त्याच्याच समाजातला किंवा त्याचा विश्वास असलेला माणूस गावात होता. फोनचा उपयोग एवढाच की ‘गोळ्या संपत आल्या का?’ हे विचारता आलं.

त्यामुळं फोनवरची सोय कामाची की बिनकामाची, हा वाद घालण्यात अर्थ नाही. फोनच्या अलीकडं ओळखीचा माणूस असेल तर ती चालते. तो नसेल तर ॲप कितीही चांगलं असलं तरी पेशंट तिथवर येत नाही.

मदत आली, पण कागदासकट

पहिल्या टाळेबंदीत केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयानं तृतीयपंथीयांना 1,500 रुपयांची मदत आणि शिधा दिला. त्याचा फायदा देशात सुमारे 7 हजार जणांना झाला. जनगणनेच्या आकड्याशी ताडून पाहिलं तर शंभरातल्या दोघांपर्यंतही ती पोचली नाही. दुसऱ्या लाटेत, मे 2021 मध्ये, पुन्हा 1,500 रुपये जाहीर झाले. मन मोकळं करण्यासाठी समुपदेशनाची हेल्पलाइनही सुरू झाली. पण पैशांसाठी आधार आणि बँक खातं लागत होतं. घरातून हाकलून दिलेल्या पोरीचे कागद घरीच राहिलेले असतात. परत जाऊन मागायची सोय नसते.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेचंही तसंच. 2020 मध्ये राज्य सरकारनं ती सगळ्यांना खुली केली, हा चांगला निर्णय. तरी दवाखान्याच्या खिडकीवर कागद मागितलाच जातो. रेशनकार्डावरचं नाव कुणी कमी केलं असेल तर तिथंच गाडी अडते.

लसीच्या बाबतीत मात्र दोन वाटा निघाल्या, त्या गावात माहीत असायला हव्या होत्या. कोविनवर ‘इतर’ असा पर्याय होता. आणि ज्यांच्याकडं कुठलंच ओळखपत्र नाही अशांचं लसीकरण कसं करायचं, याची वेगळी कार्यपद्धती आरोग्य मंत्रालयानं मे 2021 मध्ये काढली. सामाजिक न्याय मंत्रालयानंही राज्यांना पत्र लिहून सांगितलं, की लसीकरण केंद्रावर भेदभाव होऊ देऊ नका आणि हरियाणा, आसामसारखे फिरते किंवा वेगळे लसीकरण बूथ तृतीयपंथीयांसाठी लावा. पत्र मुंबईपर्यंत आलं असेल. तालुक्याच्या टेबलावर ते पोचलं का, हे विचारायला हवं. हार्मोन चालू आहेत किंवा एचआयव्ही आहे म्हणून लस घेऊ नये, हा समजही चुकीचा आहे. लस घेता येते.

कायद्यात हक्क आहे

15 एप्रिल 2014 ला सर्वोच्च न्यायालयानं ‘नालसा’ निकालात तृतीयपंथीयांना स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. सामाजिक कार्यकर्त्या गौरी सावंत यांचं नाव या लढ्याशी जोडलेलं आहे. त्यानंतर 2019 चा तृतीयपंथी व्यक्ती हक्क संरक्षण कायदा आला आणि 10 जानेवारी 2020 पासून लागू झाला. म्हणजे महामारीच्या तोंडावरच. या कायद्यानं दवाखान्यात सेवा नाकारणं हा भेदभाव ठरवला. समुपदेशन, हार्मोन उपचार, शस्त्रक्रिया आणि विमा यांची सोय करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. डॉक्टरांच्या अभ्यासक्रमातही या विषयाचा विचार व्हावा असं सांगितलं. हे कलम महत्त्वाचं आहे. कारण अनेक डॉक्टर वाईट वागतात ते दुष्टपणानं नाही. त्यांना कॉलेजात हे कुणी शिकवलेलंच नसतं.

ओळखपत्राची सोयही झाली आहे. 25 नोव्हेंबर 2020 ला केंद्रानं त्यासाठी राष्ट्रीय पोर्टल सुरू केलं. अर्ज आणि स्वयंघोषणेचं प्रतिज्ञापत्र ऑनलाइन भरायचं. त्या वेळच्या नियमांनुसार त्यासाठी वैद्यकीय तपासणी लागत नव्हती. जिल्हाधिकारी कार्यालयानं 30 दिवसांत प्रमाणपत्र द्यायचं. या प्रमाणपत्रावरून पुढं बाकीच्या कागदांवरचं नाव आणि लिंग बदलता येतं. राज्यातही 2020 मध्ये तृतीयपंथीयांसाठी कल्याण मंडळ स्थापन झालं. कल्याण मंडळं, पोर्टलं झाली. आता अर्ज भरून देणारा हात हवा. सेतू केंद्रात बसलेल्या पोराला हा अर्ज भरता आला, तर निम्मं काम होईल.

गावात, तालुक्यात काय करता येईल?

यातल्या बऱ्याच गोष्टींना मुंबईच्या आदेशाची वाट बघायची गरज नाही.

केस पेपर काढताना ‘नाव काय लावू?’ असं विचारता येतं. आधारवरचं नाव कंसात लिहा, हाक मारताना मात्र ती व्यक्ती सांगेल त्या नावानं मारा. त्याला पैसा लागत नाही.

आठवड्यातून एक ठरावीक वेळ उपकेंद्रातली खोली बंद दारानं ई-संजीवनीच्या कॉलसाठी द्यावी. ज्याला घरात बोलता येत नाही, त्याला तिथं बोलता येईल. रक्तदाब, वजन, साखर तिथंच बघता येईल आणि रक्ताचा नमुना पुढं पाठवता येईल. फोन आणि दवाखाना यांची सांगड उपकेंद्रातच बसू शकते. फक्त तिथं ऐकलेलं तिथंच राहिलं पाहिजे. आशाताईंना आणि आरोग्य सेविकांना हे बजावून सांगायला हवं, कारण गावात एकदा बातमी फुटली की तो पेशंट पुन्हा येत नाही.

जिल्हा रुग्णालयानं हार्मोन उपचारांची माहिती असलेला एक डॉक्टर आणि एक समुपदेशक ठरवून द्यावा. तालुक्याच्या डॉक्टरला अडलं तर त्यानं कुणाला फोन लावायचा हे त्याला माहीत असेल. पुन्हा अशी लाट आलीच तर कोविड सेंटरमध्ये तृतीयपंथी पेशंटला कुठल्या वॉर्डात ठेवायचं, हे आजच त्यांना विचारून ठरवावं. ॲम्ब्युलन्स दारात उभी असताना तो वाद घालायची वेळ येऊ नये.

ग्रामपंचायतीनं लसीकरणाच्या दिवशी एक तास वेगळा ठेवावा, किंवा सरळ वस्तीवर, गुरूच्या घरी पथक न्यावं. गुरूनं लस घेतली की चेले मागं राहत नाहीत.

मत दिलं, आता जागा द्या

ग्रामीण महाराष्ट्राला हे जमणार नाही असं म्हणायचं कारण नाही. माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावानं 2017 मध्ये ज्ञानेश्वर कांबळे यांना थेट सरपंच म्हणून निवडून दिलं. 2021 च्या जानेवारीत जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकमध्ये अंजली पाटील ग्रामपंचायतीवर निवडून आल्या. त्यांचा अर्ज महिला राखीव जागेवरून आधी बाद झाला होता. त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या, न्यायालयानं त्यांचा हक्क मान्य केला आणि गावानं मत दिलं.

मतपत्रिकेवर जे नाव चाललं, ते केस पेपरवर का चालू नये? सरपंच म्हणून खुर्चीत बसलेली व्यक्ती उद्या तापानं फणफणली, तर तिला कुठल्या रांगेत उभं करायचं यावर दवाखान्यात खल व्हावा, हे गावालाच शोभणारं नाही. केंद्रावर पुन्हा कधीतरी रांगा लागतील. त्या दिवशी बाजूला थांबलेल्या माणसाला कुणीतरी नावानं हाक मारून पुढं बोलवायला हवं.